हॉर्नेटची काडतुसं

"दारू भरपूर आहे रे, सुमीत. आणखी महिनाभर पुरेल," पूर्णिमा फोनवर म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलावर एकदम सामसूम झाली.

गुरुनाथ परुळेकरांच्या हातातला आमटीचा चमचा वाटीतच राहिला. ते आणि सरोज कुडाळहून व्हिजिट व्हिसावर रियाधला आले, त्या दिवशी विमानतळावरून घरी येतानाच सत्यजितने त्यांना बजावलं होतं, बाबा, इथे दारूचं नावही काढायचं नाही. आणि आता खुद्द त्यांची सून, इस्पितळातली फिजिओथेरपिस्ट, शुक्रवारच्या भर दुपारी कोल्हापूरच्या भावाला दारूचा हिशोब सांगत होती.

"सत्यजित," ते आवाज खाली आणून म्हणाले, "ही काय बोलतेय?"

"बंदुकीची दारू हो, बाबा. काडतुसात भरतात ती. आणि ती घरात नाहीये, क्लबात आहे."

अर्चनाला हसता हसता ठसका लागला. ती सत्यजितची धाकटी बहीण. नवरा पुष्करची ड्यूटी होती म्हणून दम्मामहून एकटीच आली होती. सरोजनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मग दुसरं काय म्हणणार? आमच्या बाबांकडे ठासणीची बंदूक होती, डुकरांसाठी. तेही दारूच म्हणायचे. तुम्हीच तेवढे दुसरा अर्थ काढणारे."

पूर्णिमा फोन ठेवून येऊन बसली. सुमीत आणि ती, दोघं बहीणभाऊ एकाच रेंजवर वाढले होते. राज्य पातळीपर्यंत दोघांनी नेमबाजी केली. पुढे लग्न, नोकरी, रियाध यांत तिची रायफल सुटली. आणि गेल्या वर्षी, इस्पितळातल्या डॉक्टर अरवामुळे, अचानक पुन्हा हातात आली.

"आज त्या अरवाच्या भावाला दाखवायचंय ना?" सरोजनी विचारलं.

"हो. झैद येणार आहे. आज त्यांच्या आजोबांची रायफल बोलली तर बोलली. नाहीतर तो नळीत शिसं ओतून ती कायमची बंद करणार आणि नव्या घराच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर टांगणार."

"टांगू दे की," सत्यजित म्हणाला. "जुनी वस्तू आहे. दिसेल छान."

ते तो सहज बोलला. पण पूर्णिमाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दोन महिने त्यांच्यात हेच चाललं होतं. बँकेतला त्याचा करार मार्चमध्ये संपत होता. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं: खुरूज, म्हणजे देश सोडायचा व्हिसा घ्यायचा, कायमचं परत जायचं, पुण्यात नोकरी बघायची, आईबाबांनाही तिथेच आणायचं. इकडे तिचा इस्पितळातला करार वाढवून मिळत होता, आणि ज्या नेमबाजीच्या क्लबात ती शुक्रवारी जायची तिथल्या लोकांनी तिला बायकांच्या तुकडीला शिकवशील का, असं विचारलं होतं. तिने सत्यजितला सांगितलं तेव्हा तो "बघू" म्हणाला होता. त्यानंतर मात्र त्याने काहीच पाहिलं नव्हतं.

"मार्चनंतर हे क्लबबिब कुठलं," गुरुनाथ म्हणाले. "सामान कधी पाठवताय?"

"बाबा, पूर्णिमाचा करार वाढतोय," सत्यजित नाइलाजाने म्हणाला.

"वाढू दे. तुझा संपतोय ना? मग तू कुणाच्या जिवावर राहणार इथे?"

"तिच्या इकाम्यावर, निवासाच्या परवान्यावर, राहता येतं. इस्पितळातल्या लोकांना नवऱ्याला ठेवता येतं."

"बायकोच्या इकाम्यावर नवरा?" गुरुनाथांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "त्याला काय म्हणतात इथे?"

"मुराफिक," अर्चना म्हणाली. "म्हणजे सोबत आलेला. माझ्या इकाम्यावर तेच लिहिलंय."

"तुझी गोष्ट वेगळी."

अर्चना खरं तर वडिलांच्या बाजूने बोलायलाच आली होती. दादा परत गेला की आईबाबांची काळजी मिटेल, हे तिनेच फोनवर त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. पण त्या तीन शब्दांनी तिचा चेहरा उतरला.

"का वेगळी, बाबा? मी आधीच्या गावी मुलांना गणित शिकवत होते, तेही पुष्करच्या दम्मामच्या बदलीत गेलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, नवऱ्याबरोबर राहतेस हेच खूप. दादाने बायकोबरोबर राहिलं तर त्यात कमीपणा कसला?"

"अर्चना, तू कुणाच्या बाजूने आहेस?" सत्यजितने विचारलं.

"मला आत्ता तरी माहीत नाही," ती म्हणाली, आणि ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

"पूर्णिमा, तुझं काय म्हणणं?" गुरुनाथांनी थेट विचारलं.

पूर्णिमा म्हणाली, "आधी क्लबात जाऊन येऊ, बाबा. उशीर होईल." सरोजनी तिच्याकडे रोखून पाहिलं. उठताना त्या म्हणाल्या, "मीही येते. मला ती दारू बघायचीय."

मग सगळेच निघाले.

थुमामाच्या रस्त्याला शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना पिवळट, मोकळी जमीन सुरू होते. थंडीचे दिवस, कुटुंबंच्या कुटुंबं चटया अंथरून, शेकोट्या पेटवून बसली होती. क्लब त्याहून पुढे, मातीच्या उंच बांधाच्या आड. अरवा दारातच उभी होती. उंच, बोलघेवडी, इस्पितळात हाडांची डॉक्टर. तिने सरोजना मिठी मारली आणि इस्पितळात शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "अम्मा, आज दुआ करो."

रायफल तिच्या आजोबांची. दम्मामकडे तेल शोधायला आलेल्या कुणा परदेशी माणसाने जाताना ती त्यांना दिली होती. बारीक नळीची, हलकी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताळून हाताळून काळपट झालेला. तिचं काडतूस बावीस हॉर्नेट नावाचं, करंगळीपेक्षाही बारीक. म्हातारबुवा तिने ससे मारायचे. ते गेले, रायफल झैदच्या परवान्यावर आली, आणि झैदने एकदा दुकानातून काडतुसांचा डबा आणून ती चालवून पाहिली. कागदावर गोळ्या कुठेही गेल्या. नळी झिजली, खलास, असं म्हणून त्याने ती कपाटात ठेवून दिली.

तो कागद अरवाने पूर्णिमाला दाखवला होता. पूर्णिमाने एका भोकावर बोट ठेवलं. ते गोल नव्हतं, लांबट होतं; किल्लीच्या भोकासारखं. "ही गोळी आडवी होऊन लागलीय," ती म्हणाली होती. "नळी झिजलेली नसेल. गोळी चुकीची असेल." मग तिने नळीतून मऊ शिशाचा गोळा हलक्या हाताने ठोकत पार नेला आणि त्यावर उमटलेले वळ भिंगाखाली पाहिले. कडा स्वच्छ, धारदार. पण नळीच्या आतला, गोळीला गिरकी देणारा पेच सैल होता. या नळ्या करणाऱ्यांनी तो आखूड गोळीसाठी ठेवला होता. दुकानातली आजची गोळी लांब, नि तिला पुरती गिरकीच मिळत नव्हती. उंच भोवरा हळू फिरवला की लवंडतो, तसं.

तेव्हापासून दर शुक्रवारी ती आखूड गोळ्या घेऊन क्लबाच्या मागच्या खोलीत बसायची. काडतुसं भरायची परवानगी क्लबाला होती, तीही याच खोलीत, इथल्या माणसाच्या नजरेखाली. एकही बाहेर नेता येत नसे. पण त्या चार भिंतींत तिला जे सुख मिळे त्याचं वर्णन तिला सत्यजितपाशी कधी नीट करता आलं नव्हतं. आज सासूबाई स्टुलावर येऊन बसल्या, आणि ते आपोआप तोंडून बाहेर पडू लागलं.

"ही पुंगळी बघा, आई. हिची मान इतकी पातळ आहे की सुरुवातीला मी चिमटून टाकायचे. गोळी बसवताना जरा जास्त जोर झाला की मान चुरगळते. संपलं, फेकून द्यायची. आणि ही आधी एकदा याच रायफलीत उडवलेली आहे, म्हणून तिने आतल्या घराचा आकार घेतलाय. आता मी तिचं अंग बदलत नाही, फक्त मान आवळते. दुसऱ्या कुठल्या रायफलीत कदाचित बसणारही नाही ही."

"म्हणजे शिवून घेतल्यासारखी."

"अगदी तश्शी!"

पूर्णिमाने तराजूत दारू तोलली. काळे, बारीक, मोहरीहून लहान दाणे. पुंगळीत ओतल्यावर दिव्याखाली धरून आत पाहिलं. मग दुसरी, मग तिसरी, एकेकीच्या तोंडात डोकावत. "हे कधीच चुकवायचं नाही. एकीत दोनदा पडली तर रायफल फुटू शकते," ती म्हणाली, आणि सरोजनी स्टूल थोडं मागे घेतलं, मग परत पुढे.

"मी एक दाबू?"

पूर्णिमाने गोळी पुंगळीच्या तोंडावर उभी केली आणि यंत्राचा दांडा त्यांच्या हातात दिला. सरोजनी तो सावकाश खाली आणला, आणि मधेच थांबल्या. "अडतंय."

पूर्णिमाने वाकून पाहिलं. गोळी किंचित तिरकी बसली होती. तिने दांडा वर घेतला, गोळी सरळ केली. "आता." दांडा लोण्यातून गेल्यासारखा खाली गेला. एक तयार, चकचकीत काडतूस बाहेर आलं. सरोजनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं.

"केवढं समाधान आहे गं यात," त्या म्हणाल्या. मग तशाच स्वरात, मान वर न करता, "तुला इथे राहायचंय ना?"

"हो, आई."

"मग मघाशी सांगितलं का नाहीस?"

"बाबांनी विचारलं तेव्हा सगळेच चिडलेले होते."

"सगळे चिडतातच. मी लग्नानंतर शाळेत नोकरी धरायची म्हणाले तेव्हा यांच्या घरात चार दिवस कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. पाचव्या दिवशी बोलले. तू गप्प बसलीस की सत्यजितला वाटतं, ही ऐकणार. त्याचं काय चुकलं? त्याला तू सांगितलंयस कुठे?"

"सांगितलं होतं. तो बघू म्हणाला."

"तू त्याला विचारलंस. सांगितलं नाहीस," सरोज म्हणाल्या, आणि पुढच्या पुंगळीसाठी हात पुढे केला.

दहा काडतुसं घेऊन त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा झैद आलेला होता. पांढऱ्या पायघोळ थोबावर जाड कोट, हातात गहव्याचा, अरबी कॉफीचा थर्मास. त्याने गुरुनाथांना खुर्ची दिली होती, खजूर पुढे केले होते, आणि तो त्यांच्याशी इंग्रजीत रायफलीबद्दल बोलत होता. दोघांचं चांगलं जमलेलं दिसत होतं.

"मी माझ्या बहिणीला शब्द दिलाय," तो पूर्णिमाला म्हणाला. त्याने गहव्याचा बिनकानाचा छोटा कप, फिंजान, उचलून दाखवला. "शंभर मीटरवर पाच गोळ्या याच्या तोंडात मावल्या, तर रायफल क्लबात राहील, अरवासाठी. नाही मावल्या तर माझ्या भिंतीवर. कबूल?"

"कबूल," पूर्णिमा म्हणाली. "पण मी नाही मारणार. अरवा मारेल."

अरवाने चमकून पाहिलं. झैद हसला. "तू नेमबाज आहेस. ही डॉक्टर आहे."

"रायफल तिची आहे," पूर्णिमा म्हणाली.

सगळ्यांनी कानांवर आवरणं चढवली. अरवा बाकापाशी बसली, पुढच्या वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली. पहिली गोळी गेली. हॉर्नेटचा आवाज मोठा नसतोच. कुणी लाकडी फळी फोडावी तसा कोरडा, नेटका. दुसरी गोळी. पूर्णिमा दुर्बिणीला डोळा लावून होती. दोन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. तिसरी त्यांच्या वर गेली. चौथी आणखी वर. पाचवी त्याहून वर.

झैदने उसासा टाकला. त्यात वाईट वाटणं होतं आणि सुटकाही. "नळी तापली की वाकडी जाते. मी सांगितलं होतं."

अरवा खांदे पाडून बसली. सत्यजित उठून पूर्णिमाजवळ आला, तिच्या दंडाला हात लावला. तो चांगल्या मनानेच आला होता, तिची समजूत काढायला.

"असू दे. तू खूप केलंस. नळी गेली असेल तर तू तरी काय करणार?"

"नळी गेलेली नाही," पूर्णिमा म्हणाली. "आणि मी मार्चमध्ये येणार नाहीये, सत्यजित."

तिचा आवाज चढला नव्हता, की थरथरला नव्हता. दोन्ही वाक्यं तिने एकाच सुरात म्हटली होती, नेमकी दिसलेली गोष्ट सांगावी तशी. खुर्चीतल्या गुरुनाथांच्या हातातला खजूर तोंडाशी थांबला. अर्चनाने आईकडे पाहिलं. आई समोर बघत होती.

"आत्ता, इथे?" सत्यजित म्हणाला.

"तू विचारत नव्हतास. मी करार वाढवतेय आणि इथे शिकवणार आहे. तू राहिलास तर मला फार आवडेल. तू गेलास तर मी सुट्टीला येईन. पण हे ठरलंय." मग ती वळली. "अरवा, पिशवीकडे बघ."

अरवाने पाहिलं. प्रत्येक झटक्यासरशी रायफल थोडी थोडी मागे सरकत गेली होती, आणि अरवाही नकळत ती मागेच ओढत होती. दस्त्याचं लाकूड पिशवीवरून निसटून आता उघडी नळीच वाळूवर टेकली होती.

"नळी पिशवीवर बसली की उसळते. पहिल्या दोन वेळा लाकूड टेकलं होतं, म्हणून दोन्ही एका जागी गेल्या. दर गोळीनंतर रायफल पुढे घे. लाकूड टेकलंय का बघ, मग श्वास सोड, मग चाप. घाई कुणालाही नाही."

"पाचच उरलीत," अरवा म्हणाली.

"पाचच लागतात."

झैदने आणखी पाच गोळ्यांना मान हलवली, नवा कागद लावला, आणि नळी निवेपर्यंत ते थांबले. सत्यजित खुर्चीत जाऊन बसला होता, पण त्याचे डोळे बायकोवरून हलत नव्हते. अरवाच्या मागे, एका बाजूला ती उभी होती. हात मागे बांधलेले, पाय किंचित फाकलेले. घरात तो तिला रोज पाहत होता. पण आपण हरलो की जिंकलो याची जराही चिंता नसलेली ही बाई त्याने कधी पाहिली नव्हती. दुपारी हीच गप्प बसली होती, आणि तिचं गप्प बसणं त्याने होकार धरलं होतं.

सहावी गोळी गेली. पूर्णिमाने दुर्बिणीत पाहिलं. सातवी. "पुढे घे," ती म्हणाली. आठवी. अरवा मधेच थांबली, रायफल खाली ठेवली, हात झटकले, आणि पुन्हा खांद्याला लावली. पूर्णिमाला बरं वाटलं. न सांगता थांबता येणं हे शिकवून येत नाही. नववी. दहावी.

कागद आणायला झैद स्वतः गेला, सगळे त्याच्या मागोमाग. परत येऊन त्याने बाकावर कागद पसरला आणि फिंजान उलटा करून भोकांवर ठेवला. चार भोकं झाकली गेली. पाचव्याची अर्धी कडा कपाबाहेर दिसत होती.

अरवाने श्वास रोखला. झैद कपाकडे पाहत राहिला. मग त्याने बोटाने कप किंचित सरकवला, अगदी केसभर. पाचवं भोक झाकलं, आणि पहिली चारही आतच राहिली.

"आत आहे," तो म्हणाला.

अरवाने भावाच्या गळ्यात हात टाकले. झैदने रायफल उचलली, खांद्याला लावून रिकाम्या नळीने दूरवर नेम धरला, आणि लाजल्यासारखं करत पूर्णिमाला विचारलं, "मला पाच मिळतील?"

"पुढच्या शुक्रवारी. पुंगळ्या पुन्हा भरायला हव्यात."

"मी भरून देईन," सरोज मराठीतच म्हणाल्या. तिथे कुणीच त्याचं भाषांतर केलं नाही, पण झैदने छातीवर हात ठेवून मान लववली.

परतताना सत्यजित गाडी चालवत होता, गुरुनाथ पुढे, मागे तिघी. ऊन उतरलं होतं, शेकोट्यांचा धूर रस्त्यावर तरंगत होता.

"पूर्णिमा," गुरुनाथ म्हणाले, "मला हे पटलेलं नाही. आज सांगून ठेवतो."

"हो, बाबा."

"त्या पोरीला तू शिकवलंस ते चांगलं शिकवलंस. ती वेगळी गोष्ट."

"नाही हो," सरोज म्हणाल्या. "एकच गोष्ट आहे."

गुरुनाथांनी काचेबाहेर पाहिलं. अर्चना आईच्या खांद्याला टेकली होती, तिथूनच ती म्हणाली, "बाबा, मी पुन्हा क्लास सुरू करणार आहे. पुष्करला आज सांगते. सांगते म्हटलं, विचारते नाही." सरोजनी तिचा हात धरला.

शहराचे पहिले दिवे लागले. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा सत्यजितने आरशातून मागे पाहिलं.

"अर्चू, मुराफिकला नोकरी करता येते का गं?"

"येते म्हणतात. पण कफीलचा, म्हणजे ज्याच्या इकाम्यावर राहतो त्याचा, होकार लागेल तुला," अर्चना म्हणाली. "आणि तुझी कफील तुझ्या मागे बसलीय."

सरोजना हसू आवरलं नाही. गुरुनाथांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्यांनी ते खोकल्यात दडवलं. सत्यजित मात्र हसला नव्हता. तो आरशातून पूर्णिमाकडेच बघत होता.

"मला विचार करायला वेळ लागेल," तो म्हणाला.

"घे," पूर्णिमा म्हणाली. "मार्चपर्यंत आहे."

सिग्नल हिरवा झाला, आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवायच्या आत सत्यजितने गिअर टाकला.